पहिल्या तासाला झोपणारा मुलगा

ताई, नमस्कार.

मी घणसोलीतल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीची वर्गशिक्षिका आहे. गणित शिकवते. नोकरीला चौदा वर्षं झाली. राहायला कळव्याला. शाळा सकाळची, सातची. दोन तुकड्या एकत्र केल्यापासून वर्गात ५८ मुलं आहेत.

गेल्या महिन्यात आमच्याकडे 'शिक्षकांची भावनिक बुद्धिमत्ता' या विषयावर दोन तासांचं प्रशिक्षण झालं. शिक्षकाने सदैव हसतमुख असावं, घरचा ताण चपलांसोबत वर्गाबाहेर काढून ठेवावा, रागावर विजय मिळवावा, वगैरे. शेवटी एक चाचणी होती, तिच्यात मला चांगले गुण पडले. त्यानंतर नवव्या दिवशी मी एका मुलाची वही फाडली.

तिसऱ्या बाकावरचा मुलगा आहे. तो माझ्याच तासाला झोपतो. बाकीच्या शिक्षकांना विचारलं तर म्हणतात, आमच्याकडे बरा असतो. त्या दिवशी अपूर्णांकांचा भागाकार चालला होता. फळ्याकडून वळले तर हा डोकं बाकावर टेकून गाढ. मी वही ओढली, तिच्यात अर्धंच गणित उतरवलेलं. सगळ्यांसमोर ती टराटरा फाडली आणि म्हणाले, "झोपायचंय तर घरी झोप, इथे कशाला येतोस?" वर्ग हसला. तो रडला नाही. पानं गोळा केली, दप्तरात घातली.

त्या सकाळी गेटवरच मुख्याध्यापिकांनी यूडायसची, म्हणजे शाळेच्या सरकारी नोंदीची, माहिती अपुरी राहिली म्हणून मला सगळ्यांसमोर सुनावलं होतं. आदल्या रात्री बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामाचा निरोप आला होता. पण ही काही सबब नाही, कळतंय मला.

आठ दिवस झाले, तो माझ्याशी बोलत नाही. हजेरीला नुसता हात वर करतो. मला रात्री झोप लागत नाही. माफी मागावीशी वाटते, पण स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, एकदा माफी मागितलीत की ५८ जण डोक्यावर बसतील. माझ्यात भावनिक बुद्धिमत्ता नाहीच का? या वयात ती शिकता येते का?

ता.क. शिपाईमामांकडून कळलं की त्याची आई पहाटे तीनला भाजी आणायला मार्केटला जाते. घरी लहान बहीण आहे.

एक शिक्षिका, घणसोली



बाई, नमस्कार.

(मीही ठाण्यातल्या शाळांत एकतीस वर्षं काढली. 'मॅडम' जिभेवर बसत नाही, म्हणून बाई.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. एकदा वरून खाली, एकदा ता.क.पासून वर. दुसऱ्या वेळी ते वेगळंच पत्र झालं. तुम्हीही तसं वाचून बघा.

तो 'माझ्याच तासाला' झोपतो, असं तुम्ही लिहिलंय. तुम्ही वर्गशिक्षिका, म्हणजे हजेरीचा पहिला तास तुमचा. सात ते पावणेआठ. आई तीनला घर सोडते. वाशीच्या मार्केटला भाजीच्या गाड्या रात्रीच लागतात आणि किरकोळ विकणाऱ्या बाईला उजाडायच्या आत माल उचलून, शेअर टेम्पो गाठून परत यावं लागतं. ती गेल्यावर आतून कडी घालायला कुणीतरी उठतंच. धाकटी जागी झाली तर तिला थोपटायला कुणीतरी लागतं. हा माझा अंदाज आहे. खरं काय ते त्या घरालाच माहीत. पण बाकीच्यांकडे तो 'बरा असतो' याचं कारण शोधायला अंदाजाची गरज नाही, वेळापत्रक पुरे आहे. त्यांचे तास उन्हं वर आल्यावरचे. पोरगा सात वाजता झोपतो, बाई. सात वाजता तुम्ही असता, एवढंच.

तुम्हाला हे दिसलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. त्या घटकेला तुमची नजर त्याच्यावर नव्हती, स्वतःच्या अपमानावर होती. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात याची साधी मांडणी केली. मराठीत ती कि. मो. फडक्यांनी रुजवली, आणि आपल्या ठाण्यात मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींनी ती इतक्यांदा इतक्या परींनी सांगितली आहे की नौपाड्यातल्या निम्म्या घरांत ती पाठ असेल. घडलेल्या घटनेतून थेट उद्रेक होत नाही. मधे एक समजूत बसलेली असते. मुलगा झोपला ही घटना. वही फाटली हा परिणाम. मधली समजूत अशी असावी: 'मी जीव तोडून शिकवत असताना कुणी झोपताच कामा नये, झोपला म्हणजे मला किंमत देत नाही.' पडताळून बघायचंय? तीच झोप एखाद्या तापाने फणफणलेल्या मुलीची असती, तर तुमचा तोच हात तिच्या कपाळावर गेला असता. झोप तीच, बाक तोच, हातसुद्धा तोच.

आता 'सगळ्यांसमोर' या शब्दाकडे या. तुमच्या पत्रात तो दोनदा आलाय. सातच्या आधी गेटवर तुम्हाला सगळ्यांसमोर सुनावलं गेलं. पंधरा-वीस मिनिटांत तुम्ही एकाला सगळ्यांसमोर सुनावलंत. वरून आलेलं गाठोडं खाली सरकवलंत. ही सबब नाही, हे तुमचं म्हणणं मान्य. पण ही माहिती आहे, आणि ज्या विषयाचं प्रशिक्षण तुम्हाला दिलं गेलं तो विषय सगळा या माहितीवरच उभा आहे.

तो विषय मुळात काय आहे, ते सांगते, कारण त्या दोन तासांत तो राहून गेलेला दिसतो. पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या दोघांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची कल्पना शास्त्रीय लेखात मांडली. १९९५ साली डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकाने ती जगभर नेली, आणि मग ती नोकरी, नेतृत्व, यश अशा सगळ्यावरचा काढा झाली. मला मूळची मांडणी बरी वाटते. १९९७ साली त्या दोघांनी तिचे चार टप्पे केले. आधी भावना ओळखणं, आपली आणि समोरच्याची. मग विचार करताना तिचा उपयोग करणं. मग ती कुठून आली, कुठे जाईल हे समजणं. आणि सगळ्यात शेवटी ती सांभाळणं. सांभाळणं चौथं आहे! आपल्याकडची प्रशिक्षणं थेट चौथ्यापासून सुरू होतात: राग आवरा, हसा. बेरीज न शिकवता अपूर्णांकांचा भागाकार शिकवण्यासारखं आहे हे. गणिताच्या बाईंना आणखी काय सांगू.

आणि त्या चाचणीतल्या गुणांनी फसू नका, खचूही नका. 'मी इतरांच्या भावना समजून घेते: नेहमी, कधीकधी, क्वचित' अशा प्रश्नांना आपण जे उत्तर देतो ते स्वतःबद्दलचं मत असतं. तलावपाळीच्या कट्ट्यावर भेळ खात 'मला पोहता येतं' असं लिहून देण्यासारखं. ते पाण्यात तपासतात. तुमचं पाणी म्हणजे सातवीचा वर्ग, सकाळी सात वीस.

मग पहिला टप्पा कसा शिकायचा? मी शिकले ती रीत सांगते. टाचण, म्हणजे दिवसाच्या पाठांची टिपणं, काढता ना रोज? त्या वहीच्या कोपऱ्यात वर्गात शिरण्याआधी पेन्सिलने एक शब्द लिहायचा. स्वतःच्या मनाचा. फक्त 'राग' लिहायचा नाही, तो आळशी शब्द आहे. आपल्या भाषेत या खात्यात केवढी श्रीमंती आहे बघा: चीड, वैताग, त्रागा, संताप, उद्वेग, घुसमट. खजील होणं वेगळं, ओशाळणं वेगळं, कानकोंडं होणं वेगळं, हिरमुसणं तर फारच वेगळं. त्या सकाळी गेटवरून निघताना तुम्ही टाचणात काय लिहिलं असतंत? मला वाटतं, 'राग' नव्हे. 'कानकोंडी झाले' असं काहीतरी. कानकोंड्या झालेल्या माणसाला आडोसा हवा असतो आणि तुम्हाला त्याच पावली ५८ जणांसमोर उभं राहायचं होतं. एवढं कळलं असतं तरी समोर झोपलेलं मूल शत्रू दिसलं नसतं.

हे नुसतं भाषेचं कौतुक नाही. मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द दिला की मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची खळबळ कमी होते. नाव दिलं की भावना जात नाही, हातात येते. पेन्सिल यासाठी की टाचण तपासलं जातं. तास संपला की खोडून टाका.

वर्ग चालू असतानाच उसळी आली तर? फळ्याकडे वळा आणि तारीख लिहा, लिहिलेली असली तरी पुन्हा. हातात खडू ठेवा. एका हातात खडू आणि दुसऱ्यात डस्टर असलं की वही ओढता येत नाही. हसू नका, गंमत करत नाहीये. तीस वर्षांत माझ्याकडून ज्या दोन-तीन गोष्टी लाजेने आठवाव्या अशा झाल्या, त्या सगळ्या रिकाम्या हातांनी झाल्या.

'सदैव हसतमुख' या उपदेशाबद्दल मात्र माझं मत कडक आहे. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या हवाई सुंदरींचा अभ्यास करून 'भावनिक श्रम' हा शब्द रूढ केला. नोकरीसाठी चेहऱ्यावर हसू ठेवणं हेही श्रमच आहेत, त्यांनी माणूस थकतो, आणि पुढे पुढे स्वतःला खरं काय वाटतंय हेच त्याला कळेनासं होतं. शिक्षकांवरच्या पुढच्या अभ्यासांतही वरवरचा मुखवटा आणि कोळपून जाणं यांचं नातं पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे तुम्हाला जो उपाय सांगितला गेला, तो दुखण्याच्याच जातीचा. शिवाय मुलं फसत नाहीत.

यावरून माझीच गोष्ट. एका वर्षी आठवीचा वर्ग होता माझ्याकडे. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात पटसंख्या लिहितो ना आपण, एकूण, हजर, गैरहजर, त्याच्या शेजारी रोज खडूचं एक बारीकसं चित्र दिसायचं. कधी सूर्य, कधी ढग. मला वाटलं, भूगोलाचं काहीतरी असेल. दिवाळीनंतर कधीतरी मॉनिटर मुलीला विचारलं. ती ओठ चावत गप्प. मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "बाई, ते तुमचं हवामान आहे." जिन्याजवळ बसणारी एक मुलगी माझ्या चपलांच्या आवाजावरून अंदाज घ्यायची आणि खुणेने मॉनिटरला कळवायची. ढग असला की कोणी शंका विचारायची नाही, असा त्यांचा ठराव होता. मला सांगा, त्या ढगाच्या दिवशी मी कितीही हसून शिकवलं असेल, शंका अडून राहिल्याच ना? गणित न येण्यापेक्षा 'येत नाही' म्हणायची भीती मोठी होते. भीती मनात घोळत असते तेव्हा हातचे धरायला जागा उरत नाही. शिक्षणात शिक्षकाच्या मनःस्थितीला काय काम, असं कुणी विचारलं तर मी त्याला तो ढग दाखवीन.

कॅनडात २०१६ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चौथी ते सातवीच्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, मोजलं. ज्या वर्गांचे शिक्षक जास्त कोळपलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसॉल जास्त निघालं. थकलेल्या शिक्षकामुळे मुलं ताणात की ताणातल्या मुलांमुळे शिक्षक थकलेले, हे त्यातून ठरत नाही. दोन्ही खरं असावं, असं स्टाफरूममध्ये बसलेल्या कुणालाही वाटेल.

म्हणून मुखवट्यापेक्षा सरळ सांगून टाका. "आज माझं डोकं चढलंय. आवाज वाढला तर ते तुमच्यामुळे नाही." बस. का चढलंय, मुख्याध्यापिका काय म्हणाल्या, हे सांगायचं नाही. मुलं आपली मैत्रीण नसतात. आपल्या मनाची झळ त्यांना लागतेच, म्हणून निदान ती कुठून येतेय एवढं कळण्याचा त्यांना हक्क आहे.

आता माफीचं. मागा. इथे मी आढेवेढे घेणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं, २००९च्या, कलम १७ शारीरिक शिक्षेइतकीच मानसिक छळालाही बंदी घालतं. सगळ्यांसमोर वही फाडणं आणि 'इथे कशाला येतोस' हे वाक्य त्या रेषेच्या अलीकडचं आहे, असं मी तुम्हाला सांगू शकत नाही. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाहीये. तुमची झोप उडाली आहे ती उगाच नाही, एवढंच सांगतेय. आणि मनात आणखी एक वाक्य घोळवून बघा: कदाचित रात्री तीनला उठून, बहिणीला निजवून, सातला शाळेत हजर होणाऱ्या मुलाला आपण विचारलं, 'इथे कशाला येतोस?' तो येतोय हीच त्या वर्गातली सगळ्यात मोठी गोष्ट होती.

आधी त्याच्याशी एकट्याने बोला. स्टाफरूममध्ये बोलावून नव्हे, तिथे सगळ्यांचे कान असतात. मधल्या सुट्टीत व्हरांड्यात, दोघंही उभे असताना. "तुझी वही मी फाडली, ते चुकलं माझं. उद्या वर्गात हे सांगावं असं वाटतं. तुला चालेल का? नको असेल तर नाही सांगणार." बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पुन्हा सगळ्यांच्या नजरा नको असू शकतात. तो नको म्हणाला तर नको. खांदे उडवले तर त्याला हो समजू नका, दोन दिवसांनी पुन्हा विचारा.

चालेल म्हणाला, तर वर्गात दोन वाक्यं. "त्या दिवशी मी याची वही फाडली आणि त्याला लागेल असं बोलले. ते माझं चुकलं." तिसरं वाक्य 'पण'ने सुरू होतं, म्हणून ते म्हणायचंच नाही. डोळ्यांत पाणी येणार असेल तर आदल्या दिवशी घरी येऊ द्या. बाई रडल्या की त्या मुलावर बाईंना समजावण्याची जबाबदारी पडते. 'माफ केलंस ना?' हे विचारू नका. तो त्यानंतरही आठ दिवस बोलला नाही तरी चालेल. त्याचा अबोला हा त्याच्याजवळचा एकमेव अधिकार आहे सध्या, तो त्याला वापरू द्या. लगेच पुढचं गणित फळ्यावर लिहा. वर्ग हसला होता, त्याबद्दल वर्गाला रागावू नका. तुम्ही वही फाडलीत तेव्हाच त्यांना हसायची परवानगी मिळाली होती.

डोक्यावर बसण्याची भीती मी पहिल्या नोकरीपासून ऐकत आलेय. मुलं डोक्यावर बसतात ती नियम रोज बदलणाऱ्या शिक्षकाच्या. सोमवारी चालतं ते मंगळवारी चालत नाही, मग ती रोज चाचपून बघतात. वही फाडायची नाही हा नियम बाईंनाही लागू आहे, हे ज्या वर्गाने पाहिलं, त्या वर्गाला नियम म्हणजे काय ते कळतं. धाक जाईल थोडा, हे खरंय. जाऊ दे.

त्या घरापर्यंत पोचायचं कसं, यात मात्र घाई नको. पालकांना चिठ्ठी पाठवून सकाळी अकराला बोलावलंत तर त्या बाईचा धंदा बुडेल आणि मुलाला वाटेल, आता आईसमोरही. ती कुठे बसते ते शिपाईमामांना माहीत असेलच. सुटीनंतर स्टेशनकडे जाता जाता अर्धा किलो काहीतरी घ्या आणि पहिल्या भेटीत फक्त एवढं म्हणा, "मी याची वर्गशिक्षिका. रोज वेळेवर येतो हो तुमचा मुलगा." झोपेचं दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत आपोआप निघेल. आणि जे कळेल ते वर्गात, स्टाफरूममध्ये, कुठेही बोलायचं नाही. 'त्याच्या घरची परिस्थिती अशी आहे, सांभाळून घ्या रे त्याला' हे चारचौघांत म्हणणं म्हणजे दुसरी वही फाडणं.

मला या ठिकाणी बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आठवतात. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, पुढे सहकारी अनुताई वाघांसोबत कोसबाडच्या टेकडीवर. तेव्हा तो आपल्याच ठाणे जिल्ह्याचा भाग, आता पालघर. आदिवासी मुलं शाळेत का येत नाहीत, याचं उत्तर त्यांनी मुलांच्या आळशीपणात शोधलं नाही. मोठ्या मुलीच्या काखेत धाकटं भावंड असतं, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका जागी आणली. पोरं गुरं राखायला जातात, म्हणून कुरणशाळा काढली, शाळाच कुरणात नेली. भावनिक बुद्धिमत्ता हा शब्द तेव्हा जन्मालाही आला नव्हता. समोरच्या मुलाचं वागणं हा आपला अपमान न समजता बातमी समजायची, ही सवय मात्र त्यांच्याकडे होती.

तुमच्या बाबतीत कुरण कुठलं? धाकटी तीन ते सहा वर्षांची असेल तर अंगणवाडीत जाऊ शकते, पण अंगणवाडी पहाटे तीनला उघडत नाही. शेजारीण, मावशी, कुणीतरी त्या वेळेपुरतं निघतं का, ते आई सांगेल. शाळेकडून काय होईल? चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा निर्णय राज्य सरकारने २०२४ मध्ये काढला, मुलांची झोप होत नाही म्हणूनच. सातवी त्यात बसत नाही, पण कारण तर तेच आहे ना? मुख्याध्यापिकांकडे जाऊन गणिताचा तास तिसरा-चौथा करून मागा. त्याच्या एकट्यासाठी म्हणून मागू नका, सातला निम्मा वर्ग पेंगतच असणार. पहिल्या तासाला तुम्ही हजेरी, मग वाचन किंवा कार्यानुभव घ्या. आणि तरीही झोपला कधी, तर दहा मिनिटं झोपू द्या, मग पाणी पिऊन यायला सांगा. दहा मिनिटांच्या झोपेने अपूर्णांक पळून जात नाहीत.

त्याच भेटीत ५८चा विषयही काढा. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक असायला हवा. कलम २७ शिक्षकांना शिक्षणाबाहेरच्या कामाला जुंपायला मनाई करतं. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढेच अपवाद ठेवतं, म्हणून बीएलओचं काम टळायचं नाही. पण तुकड्या पुन्हा वेगळ्या करण्याची मागणी लेखी देता येते. चार जणींच्या सह्या घ्या. राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, वयाचा. न्यू यॉर्कमधल्या ३६ प्राथमिक शाळांत २२४ शिक्षकांवर २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे: शिक्षकांना स्वतःच्या भावना ओळखायला आणि सांभाळायला शिकवलं, वर्षभरात विभागून तीसेक तास, अधूनमधून फोनवर विचारपूस करून. त्यांचा ताण कमी झाला आणि वर्गात मुलांना मिळणारा आधार वाढलेला दिसला. तेव्हा 'या वयात शिकता येते का' याचं उत्तर हो. दोन तासांत येते का, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. शाळेने ५८ मुलं एका वर्गात कोंबायची आणि बाईंना बुद्धिमत्ता कमी पडली म्हणायचं, हा हिशोब मला मान्य नाही, आणि तुम्हीही तो मनावर घेऊ नका. वही तुमच्या हातून फाटली, तेवढी तुमची. बाकीची जबाबदारी जिची तिला परत करा.

झोप आणखी आठवडाभर आली नाही तर १४४१६ वर फोन करा. टेली-मानस ही सरकारी, विनामूल्य सेवा आहे, मराठीत बोलता येतं. ठाण्यात डॉ. नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्थाही आहे, तुमच्या कळव्याहून एक स्टेशन. नऊ-दहा नंबरच्या फलाटावर घणसोलीच्या गाडीची वाट बघत उभ्या असताना हे सगळं एकटीने उगाळत बसण्यापेक्षा ते बरं.

तुमची, ताई

ता.क. त्याला नवी वही द्याल, तर जशी फाटली तशीच द्या. तेवढ्याच पानांची, तसल्याच साध्या पुठ्ठ्याची. भारी वही आणलीत तर वर्षभर ती सगळ्यांच्या नजरेत राहील. आणि दप्तरात त्याने फाटकी पानं अजून ठेवली असतील, तर ती मागून घ्या आणि त्यातली गणितं नव्या वहीत तुम्ही उतरवून द्या. तुमच्या अक्षरात.